अकरा सांध्यांची डोलकाठी

१

बुधवारी संध्याकाळी सहा वाजता कप्तानाच्या सुनेने चहाचा कप घेऊन कामाच्या खोलीचं दार उघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा तो कप फुटून उंबऱ्यापाशीच पडलेला होता.

कप्तान हे टोपणनाव. माणूस जन्मात कधी बोटीवर चढला नाही. तळ्यातल्या होडीतसुद्धा त्याला मळमळायचं. पण युद्धनौकांच्या प्रतिकृती करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. खऱ्या नौकेपेक्षा सातशे पटींनी लहान, दीड वीत लांबीची नौका. तिच्यावरच्या तोफा तांदळाएवढ्या. संग्रहालयाचं एक अख्खं दालन त्याने एकट्याने भरलं होतं.

मी दातांचा डॉक्टर. माझ्या दवाखान्यात झिजलेल्या सुया-गिरमिटं कप्तानाच्या टेबलावर जायची आणि त्याची कवळी माझ्याकडे यायची, असा आमचा तीस वर्षांचा व्यवहार. त्यातला कवळीचा भाग अजून संपलेला नाही.

"मामा, आत या. पण कशाला हात लावू नका," माझा भाचा म्हणाला. लहानपणी सगळ्या घरादाराची उलटतपासणी घ्यायचा म्हणून आम्ही त्याला फौजदार म्हणायचो. आता तो खराच झाला आहे आणि आमचं हसू आमच्याच अंगाशी आलं आहे. या धंद्यातलं मला थोडंफार कळतं म्हणून त्याने मला बोलावलं होतं.

खोलीत अजून ऊब होती. रंग वाळावा म्हणून कप्तान हीटर लावून बसायचा, तो बुधवारी दिवसभर चालू राहिला होता. खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर भिंग, दिवा, चिमटे आणि मूठभर आकाराची लोखंडी ऐरण. त्याच ऐरणीने कुणीतरी मागून त्याच्या कानशिलावर घाव घातला होता.

टेबलाच्या मधोमध लाकडी घोडीवर नौका उभी होती. तिच्या करड्या डेकवर अर्ध्या बोटाएवढी, बिनरंगाची, पिवळीजर्द पितळेची डोलकाठी चमकत होती.

"हेच आमचं घड्याळ," फौजदार म्हणाला. "आणि या घड्याळाप्रमाणे त्यांना त्यांच्या सुनेनेच मारलंय."

२

त्याचा हिशेब सरळ होता, आणि तेच मला भिववत होतं.

हीटरमुळे मृत्यूची वेळ डॉक्टरांना नेमकी सांगता येत नव्हती. दुपारी बारा ते संध्याकाळी पाच, एवढंच. पण बुधवारी साडेबाराला संग्रहालयाच्या प्रमुख बाई आणि कप्तानाचा पट्टशिष्य नौका बघायला आले होते. बाईंनी फोनवर फोटो काढला. फोटोवर वेळ बारा पन्नास, आणि त्यात डेकवर डोलकाठीच्या जागी नुसतं भोक.

"ही डोलकाठी पितळी नळीत नळी घालून केलीय. आडव्या काठ्या, मचाणं, शिडी धरून अकरा सांधे. प्रत्येक सांध्याला कथील वितळवून डाख द्यायचा आणि तो निवला की पुढचा घ्यायचा. जाणकार म्हणतात, तीन तासांच्या आत होणं नाही. म्हणजे ते चारपर्यंत जिवंत होते. पावणेचारला सून मुलीला शाळेतून घेऊन घरी आली. बाहेरचं दार ओढलं की आपोआप बंद होतं, किल्ली फक्त तिच्याकडे. ती म्हणते, सहापर्यंत कुणी आलं नाही. मग मामा, मारलं कुणी? भुतानं?"

"तिनं का मारावं?"

"रविवारी दोघांचं कडाक्याचं वाजलं. शेजारणीने भिंतीआडून ऐकलंय. 'आता पुरे, यापुढे मी हे करणार नाही, शनिवारच्या आत सांगून टाका,' असं ती ओरडत होती. कशाबद्दल ते सांगत नाही. म्हाताऱ्याचं करून कंटाळली असेल. उद्या संध्याकाळपर्यंत दुसरं काही निघालं नाही तर तिला घेऊन जावं लागेल."

कप्तानाचा मुलगा खऱ्या जहाजावर होता, घरी पोचायला त्याला पंधरा दिवस लागणार होते. सात वर्षांची नात शेजारणीकडे बसली होती. आई गेली तर त्या पोरीला घरात कुणी उरत नव्हतं.

मी टेबल निरखलं. डाखाची इस्त्री होती. तिचं टोक पुसायचा स्पंज दगडासारखा कोरडा होता. "अकरा सांधे देणारा माणूस स्पंज भिजवल्याशिवाय बसेल?"

"हीटरने वाळला असेल."

त्याचं म्हणणं खोडता येईना. टेबलाच्या कडेला खिळ्याला एक नवी कोरी काठी टांगलेली दिसली, टोकाला बोराएवढा लोहचुंबक. खाली पडलेलं बारीकसारीक उचलायची. तिच्याकडे बघताना मला काहीतरी खटकत होतं, पण काय ते ध्यानात येईना. फौजदाराची परवानगी काढून मी ती बरोबर घेतली.

मग मी डोळा डेकच्या पातळीला नेला. मोडलेल्या दाताच्या मुळात खुंटी बसवण्यात माझं आयुष्य गेलं आहे. खुंटी वाकडी असली तर मला झोपेतही कळतं. ही डोलकाठी डावीकडे केसभर कलली होती. तिचा पायथा घाईघाईने खरवडलेला होता.

कप्तानाच्या तीस वर्षांतल्या एकाही नौकेची डोलकाठी कललेली मी पाहिली नव्हती.

३

सून पुढच्या खोलीत तिच्या छोट्या टेबलापाशी बसली होती. बाजारात तिचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. समोर एका घड्याळाचं पोट उघडून ठेवलेलं, पण हात मांडीवर. शेजारी पेचकस, तेलाची कुपी, शिवणाच्या सुयांची दोन पाकिटं, असा तिचा संसार मांडलेला होता.

मी चुंबकाची काठी टेबलावर ठेवली तशी ती दचकली. "डॉक्टरकाका, ते जरा लांब ठेवा. गिऱ्हाइकाचं घड्याळ आहे, बंद पडेल."

मी काठी खाली ठेवली. "काल काय झालं, पोरी?"

"काही झालंच नाही, काका. तेच तर." तिने घड्याळ बाजूला सारलं. "आम्ही आलो तेव्हा दाराच्या कडीला लाल फडकं बांधलेलं होतं. फडकं असलं की सहाच्या चहापर्यंत आत जायचं नाही, गोंद हलतो, असा त्यांचा नियम. आत रेडिओ चालू होता. मी पोरीला खायला दिलं, अभ्यास घेतला. दोन तास आम्ही दोघी त्या भिंतीला पाठ लावून बसलो होतो. आणि फौजदारसाहेब म्हणतात, तेव्हाच आत कुणीतरी... मग तो गेला कुठून? रात्रभर मी कपाटांची दारं उघडून बघत होते."

"आत गेलीस तेव्हा काय दिसलं?"

"त्यांचं डोकं. दुसरं काही बघितलं नाही मी. किंचाळून पळाले, आणि मग पोलिसांनी खोलीला कुलूप लावलं."

"रविवारचं भांडण?"

तिचा चेहरा मिटला. "घरातली गोष्ट होती."

"अगं, तुला आत टाकतील! पोरीचा विचार कर."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं बोलणारा माणूस दाढा आवळतो, हे मला खुर्चीत बसलेल्या शेकडो जबड्यांनी शिकवलंय. तिच्या दाढा आवळलेल्या नव्हत्या, ओठ आवळलेले होते. तिच्याकडे गुन्हा नव्हता. कुणाचं तरी गुपित होतं.

४

गावात दुसरे संशयित शोधायचे तर दोनच. पहिला काष्ठमहर्षी. फर्निचरच्या कारखान्याचा मालक, फावल्या वेळात नौका करणारा, आणि डोलकाठी बांबूचीच हवी म्हणून कप्तानाशी वीस वर्षं भांडणारा. दर महिन्याच्या बैठकीत दोघांची जुंपायची. बांबू दमट हवेत फुगतो आणि रंगाखालून रेषा दाखवतो, असं कप्तान म्हणायचा. मेणबत्तीवर ताणलेलं प्लास्टिक उन्हाळ्यात मान टाकतं. लोखंडाचं तर नावच नको. सहा महिन्यांत रंगाखालून गंजाचे ओघळ येतात. "लोखंडाची डोलकाठी म्हणजे उशाखाली साप," हे त्याचं ठरलेलं वाक्य. पितळ वाकत नाही, गंजत नाही, डाख घेतं. पितळ, पितळ आणि पितळ.

"मी काल दोन वाजता गेलो होतो," काष्ठमहर्षी म्हणाला. रंध्याच्या ढलप्यांत पाय बुडवून तो बसला होता. "नवी बांबूची डोलकाठी दाखवायला. तीनदा घंटी वाजवली. आत रेडिओ चालू होता. दार काही उघडेना. म्हटलं, रुसलाय. मागच्या बैठकीत मी त्याला पितळखाऊ म्हणालो होतो." एवढं बोलून तो दांडगा माणूस हुंदके द्यायला लागला. "मी आता भांडू कुणाशी, डॉक्टर?"

फौजदाराला त्यात काही वाटलं नाही. "कामात असेल म्हाताराबाबा. याच्यासाठी कोण उठणार?"

दुसरा पट्टशिष्य. चौदा वर्षं कप्तानाच्या हाताखाली काढलेला, चाळिशीचा, नखं गोल कापलेली, बोलणं साखरेत घोळलेलं. संग्रहालयात प्रतिकृतींची कार्यशाळा निघणार होती. शनिवारी नव्या दालनाच्या उद्घाटनात कप्तान तिच्या प्रमुखाचं नाव जाहीर करणार होता. ते नाव पट्टशिष्याचंच, हे सगळं गाव धरून चाललं होतं.

"फोटो काढून आम्ही निघालो," तो म्हणाला. "बाई गाडीत बसल्या आणि माझ्या लक्षात आलं, चष्मा वर राहिला. पाच मिनिटांत घेऊन आलो. गुरुजी तेव्हा पितळेच्या नळ्या मांडून कापायला बसत होते. मला म्हणाले, फडकं बांधून जा. तेच त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं." त्याने डोळे टिपले. "मग दीड ते सात मी संग्रहालयातल्या बैठकीत होतो. आठ माणसं साक्षीला आहेत. अहो, पण माझ्याकडे संशयाने बघायचं कारणच काय? अकरा सांध्यांना तीन तास लागतात."

"तीन तास तुम्हीच सांगितलेत ना?" मी विचारलं.

"मी कशाला, कुणीही सांगेल. गुरुजींच्या पद्धतीची पितळी डोलकाठी गावात दोघांनाच जमते. जमायची."

बाहेर पडल्यावर फौजदार म्हणाला, "पाच मिनिटांत ब्रह्मदेवालाही जमणार नाही, मामा."

पट्टशिष्याची दाढ मात्र बोलताना सारखी आवळली जात होती.

५

शुक्रवारी सकाळी दवाखान्यात आलो. कामात लक्ष लागेना. फळीवर पाण्याच्या वाटीत कप्तानाची कवळी पडली होती.

सोमवारीच तो आला होता. "घट्ट करून दे. शनिवारी चारचौघांत बोलायचंय. 'मंडळी, मला एक कबुली द्यायची आहे,' असं म्हणताना वरचा दात टाळ्या वाजवायला लागला तर लोक हसतील. हसण्यासारखी गोष्ट नाही ती." मी म्हटलं, कसली कबुली, चोरी केलीस? तो म्हणाला, "तसंच काहीसं." मी त्याला गुरुवारी यायला सांगितलं. गुरुवारी मी त्याच्या घरी उंबऱ्यातला फुटका कप ओलांडत होतो.

मला त्या सोमवारचं आणखी काहीतरी आठवत होतं. त्याने चूळ भरली होती. पेला दोन्ही हातांनी धरला होता, आणि तरी निम्मं पाणी शर्टावर सांडलं होतं. "म्हातारे झालो," तो म्हणाला होता, आणि मी मेल्याने विनोद केला होता.

मी खुर्चीत टेकलो. कंप! दीड-दोन वर्षं तो दाढी करताना कापून घेत होता. सही करायची टाळत होता. बैठकीत चहा नको म्हणत होता. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला फक्त त्याचे दात दिसत होते. ज्याला पाण्याचा पेला धरता येत नाही, तो अकरा सांध्यांना डाख कसा देणार? आणि गेल्या दोन वर्षांत त्याच्या नावावर संग्रहालयात लागलेल्या पाच नौका कुणी केल्या?

समोर चुंबकाची काठी होती. तेव्हा कुठे मला कळलं की ती का खटकत होती. चुंबक पितळ उचलत नाही. ज्याच्या खोलीत फक्त पितळ, त्याला चुंबक कशाला लागतो?

मी दवाखान्याला कुलूप घातलं आणि संग्रहालय गाठलं.

बाईंनी कुरकुरत काचेची कपाटं उघडली. मी चुंबक काठीवरून सोडवून दोऱ्याला बांधला आणि पहिल्या नौकेच्या डोलकाठीशेजारी लोंबता धरला. दहा वर्षांपूर्वीची नौका. चुंबक सरळ लोंबत राहिला. दुसरी, तिसरी, विसावी, तेच. बाईंच्या चेहऱ्यावर "डॉक्टर वेडा झाला" असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

एकविसावी नौका दोन वर्षांपूर्वीची होती. मी दोरा धरला आणि चुंबक अलगद, आपण होऊन, त्या करड्या डोलकाठीकडे झुकला.

पुढच्या चारही तशाच. रंगाखाली पितळ नव्हतंच. कप्तानाच्या नौकांवर दोन वर्षं त्याचा तो उशाखालचा साप उभा होता, आणि कुणाला पत्ता नव्हता.

६

दुपारी चार वाजता फौजदाराने माझ्या हट्टापायी सगळ्यांना कामाच्या खोलीत बोलावलं. बाहेर गाडी उभी होती, सुनेला न्यायला. तिने पोरीचे दोन फ्रॉक घड्या करून शेजारणीकडे दिले होते, ते मी येताना पाहिलं. मी चुकलो असतो तर ती आई त्या गाडीत बसणार होती.

"पोरी, बुधवारपासून तू ही नौका पाहिली नाहीस. आता बघ," मी म्हणालो.

ती टेबलापाशी आली. वाकली. डोळा डेकशी नेला आणि म्हणाली, "ही कुणी बसवली?"

"तुझ्या सासऱ्यांनी. असं सगळे म्हणतात."

"नाही." ती मागे सरली. "काका, नाही. त्यांना..."

"त्यांना जमत नव्हतं. हात कापायचे. मला ठाऊक आहे. पाच नौकांच्या डोलकाठ्या तू केल्यास, घड्याळाच्या हत्यारांनी. रविवारी तू त्यांना म्हणालीस की यापुढे चोरून करणार नाही, खरं सांगून टाका. बरोबर?"

तिला रडू फुटलं. "शब्द दिला होता मी. ते गेले, आता मागे त्यांचं नाव तेवढं उरलंय. तेही मीच काढून घेऊ?"

"अगं वेडे, ते स्वतःच काढून देणार होते. शनिवारी कबुली द्यायची म्हणून सोमवारी माझ्याकडे कवळी घट्ट करायला आले होते. तुझ्या शब्दातून तू सुटलीस. आता बोल."

तिने पदराने तोंड पुसलं, बाहेर गेली आणि घड्याळाची एक डबी घेऊन आली. डबीत कापसावर एक डोलकाठी होती. गडद निळी.

"शिवणाच्या सुया आहेत," ती म्हणाली. "सुई जन्मतःच सरळ आणि टोकाकडे निमुळती. वाकत नाही. वरच्या नेढ्यातून दोरही ओवता येतो. मामंजी आधी ओरडले, लोखंड गंजतं म्हणून. मग मी त्यांना घड्याळाचे काटे दाखवले. पोलाद तापवून असं निळं केलं आणि वर रंग चढवला की सहसा गंजत नाही. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, आयुष्यभर चुकीचं शिकवलं की काय मी? ही डोलकाठी मी दुकानात केली, बुधवारी संध्याकाळी बसवणार होते. सुया खाली पडतात आणि पोर अनवाणी फिरते, म्हणून तो चुंबक."

काष्ठमहर्षी पुटपुटला, "सुई! वीस वर्षं भांडलो, आणि सुई!"

७

"आता घड्याळ उलटं फिरवू," मी फौजदाराला म्हणालो. "कप्तानाने बुधवारी पितळ हातात घेतलंच नाही, घेताच येत नव्हतं. म्हणजे ही डोलकाठी बाहेरून तयार होऊन आली. ती बसवायला तीन तास लागत नाहीत, तीन मिनिटं पुरतात. ती बसवली कशासाठी? म्हातारा दुपारभर काम करत होता असं दिसावं, यासाठी. मग मृत्यू चारनंतर झाला असं धरायचं कारणच उरत नाही. दोन वाजता काष्ठमहर्षींनी घंटी वाजवली तेव्हा कप्तान रुसला नव्हता. तो केव्हाच गेला होता, आणि आत फक्त रेडिओ बोलत होता."

"पण आणली कुणी?" बाईंनी विचारलं.

"हुबेहूब गुरुजींच्या पद्धतीची पितळी डोलकाठी गावात दोघांनाच जमायची. हे माझं वाक्य नाही."

सगळ्यांनी पट्टशिष्याकडे पाहिलं. तो हसला. "डॉक्टरसाहेब, हे नुसते तर्क आहेत. पितळ गुरुजींनी स्वतः वापरलं नाही कशावरून? मी परत गेलो तेव्हा नळ्या मांडून बसलेले मी या डोळ्यांनी पाहिले."

मी सुनेकडे वळलो. "पोरी, ती पितळेची काढ आणि तुझी बसव."

फौजदाराने मान डोलावली. तिने चिमट्याने पितळी डोलकाठी उपटली. ती सहज निघाली. मग निळी सुई उचलली. तिचा हात हलला नाही. सुई भोकात उतरली आणि टच असा बारीक आवाज झाला. गोंद नाही, काही नाही, तरी डोलकाठी ओळंब्यात उभी राहिली. भोक तिच्यासाठीच पाडलेलं होतं, तिच्याच हाताने.

पट्टशिष्य एक पाऊल पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. फसवल्या गेलेल्या माणसाचा राग होता.

"लोखंड?" तो म्हणाला. "त्यांनी लोखंड वापरलं? चौदा वर्षं मला सांगितलं, पितळच. नौकेच्या नकाशावरून मापं काढून घेतली मी... म्हणून भोक एवढं बारीक होतं!"

बोलून झाल्यावर त्याला कळलं. आपण काय बोललो ते त्याने बाकी सगळ्यांच्या चेहऱ्यांवर वाचलं असावं.

फौजदार हळूच म्हणाला, "भोक बारीक आहे, हे आम्ही कुणी बोललो नव्हतो. फोटोत नुसता ठिपका दिसतो, त्यावरून माप कळत नाही. डोलकाठी आत जात नाही, हे कळायला ती हातात धरून आत घालावी लागते. आणि मग पायथा खरवडावा लागतो."

पट्टशिष्य टेबलाच्या कडेवर बसला. "मागच्या आठवड्यात मला म्हणाले, कार्यशाळा तुला नाही. तुझ्यापेक्षा सरस हात सापडलाय. कुणाचा ते सांगेनात. चौदा वर्षं मी त्यांच्या नळ्या घासल्या, डॉक्टर. मी कधी त्यांच्या शब्दाबाहेर गेलो नाही." त्याने सुनेकडे पाहिलं. "हिचा? या घड्याळवालीचा?"

"ती पितळेबाबत एकदा त्यांच्या शब्दाबाहेर गेली," मी म्हणालो. "म्हणून तिला जे कळलं ते तुला कळलं नाही."

बाहेर थांबलेल्या गाडीत शेवटी तोच बसला. शेजारीण पोरीला घेऊन आली तेव्हा सून जमिनीवर बसकण मारून होती. पोरीने विचारलं, "आई, फ्रॉक का दिले होतेस?" आईने तिला छातीशी धरलं, आणि फौजदार खिडकीबाहेर बघत राहिला.

८

शनिवारचं उद्घाटन पुढे ढकललं. महिन्याभराने झालं. कार्यशाळा सुनेकडे आली. पाच नौकांखालच्या पाट्या बदलायच्या का, असं बाईंनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "त्यांचं नाव राहू द्या. खाली माझं घाला. सासऱ्याच्या खाली सुनेचं नाव आलं म्हणून काही बिघडत नाही, आणि आलं नाही तर त्यांची कबुली राहून जाईल."

ती कबुली मी वाचली. सुनेला त्याच्या खणात कागद सापडला होता, अक्षरं इकडेतिकडे पळणारी. भाषणाला मी उभा राहिलो. "मंडळी, मला एक कबुली द्यायची आहे. पितळेबद्दल मी तीस वर्षं जे बोललो ते निम्मंच खरं होतं, आणि या डोलकाठ्या माझ्या नाहीत." पहिल्या रांगेत काष्ठमहर्षी मोठमोठ्याने नाक शिंकरत होता. पुढे लिहिलं होतं, "माझ्या सुनेचा हात बघा. माझा बघू नका."

त्याची कवळी मी त्याच आठवड्यात घट्ट करून ठेवली. ती अजून फळीवर आहे. दर सोमवारी वाटीतलं पाणी मी बदलतो.